नव्वद मिनिटांनंतर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या या व्याख्यानमालेत एक पुष्प गुंफण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी कार्यकारिणीचा मनःपूर्वक आभारी आहे. चिटणीस माझ्याकडे आले तेव्हा त्यांनी 'तरुण पिढी आणि खेळ' असा सोयीचा विषय सुचविला होता. सोयीचा अशासाठी की, खेळाने शरीर सुदृढ होते, मन खंबीर होते, शिस्त अंगी बाणते, अशी चार वाक्ये बोलून टाळ्या घेता येतात. ती वाक्ये खोटी नाहीत. परंतु गेली काही वर्षे ती माझ्या तोंडून सहजपणे निघत नाहीत. त्याचे कारण सांगण्यासाठीच मी आज आपल्यापुढे उभा आहे.

आरंभीच माझा अधिकार किती, हे स्पष्ट केलेले बरे. मी डॉक्टर नाही की मानसशास्त्राचा अभ्यासक नाही. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या नोकरीत लागलो आणि तीस वर्षे फायलींच्या सहवासात काढली. फुटबॉलमधील माझी कामगिरी म्हणाल, तर महाविद्यालयाच्या संघाचा राखीव गोलरक्षक म्हणून मी दोन वर्षे बाकावर बसलो. बाकावर बसणाऱ्याला खेळ थोडा अधिक दिसतो, एवढाच काय तो माझा दावा.

आपल्या रायपूरशी फुटबॉलचा एक जुना धागा जोडलेला आहे. १८७७ साली नरेंद्रनाथ दत्त नावाचा चौदा वर्षांचा मुलगा, वडिलांच्या कामानिमित्त, कुटुंबासह या गावी आला आणि सुमारे दोन वर्षे येथे राहिला. आपल्या बूढातालाबाला आज त्याचेच नाव आहे. तो मुलगा पुढे स्वामी विवेकानंद झाला. १८९७ साली मद्रासच्या एका व्याख्यानात स्वामीजींनी तरुणांना गीतेच्या पारायणाआधी फुटबॉल खेळण्याचा उपदेश केला. अंगात बळ आले म्हणजे गीता अधिक कळेल, असा त्याचा आशय होता. हा उपदेश मला सर्वस्वी मान्य आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जो मुलगा फुटबॉलच्या वाटेने स्वर्गाच्या दारापर्यंत पोहोचला आणि खेळ थांबताच तेथून खाली कोसळला, त्याचे आपण काय करायचे?

अशा एका मुलाची ओळख मला सरकारी नोकरीने करून दिली. मी त्या वेळी दुसऱ्या एका गावी होतो. कार्यालयाचे आणि मुलाचे नाव सांगण्याचे कारण नाही. खाणींच्या मुलखातला, खेळाडूंच्या कोट्यातून भरती झालेला बावीस वर्षांचा पोरगा. डाव्या बगलेवरून चेंडू घेऊन तो निघाला की, आमचे वृद्ध लेखापालही चष्मा कपाळावर चढवून जागचे उठत. चार वाजता त्याला सरावासाठी सोडावे, असा आदेश होता. चारचा ठोका पडला की तो वाऱ्यासारखा जिना उतरून जाई. दोन वर्षांनी एका सामन्यात त्याचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, चालणे सुधारले, पण धाव परत आली नाही. संघाच्या यादीतून नाव कमी झाले. आम्ही त्याला जावक विभागात बसविले आणि तो लिफाफ्यांवर शिक्के मारू लागला.

त्यानंतर त्याने पिण्यास आरंभ केला. आधी शनिवारी, मग रोज संध्याकाळी, मग सकाळीही. तो गैरहजर राहू लागला. मी त्याचा विभागप्रमुख होतो. मी पहिले ज्ञापन काढले, मग दुसरे, मग कारणे दाखवा नोटीस. आमच्या वर्तणूक नियमांत मादक पेये व द्रव्ये यांविषयी बाविसावा नियम आहे. सेवकाने काय करू नये, हे त्यात नीट सांगितले आहे. पडलेल्याला कसे उचलावे, हे त्यात नाही, आणि ते नियमांत असावे अशी अपेक्षाही करता येत नाही. ते आमच्यात असायला हवे होते.

एकदा त्याच्या घरी पाठविलेले नोंदणीकृत पत्र परत आले, म्हणून मी स्वतः ते घेऊन निघालो. तो घरी नव्हता. मैदानाच्या पायऱ्यांवर बसलेला सापडला. साडेचार वाजले होते. खाली नवी मुले सराव करीत होती. मला पाहून तो उठला, नमस्कार केला आणि म्हणाला, "साहब, चार बजे के बाद क्या करूँ, समझ में नहीं आता." मी त्याला पत्र दिले, पोच घेतली आणि परत आलो.

पुढे यथासांग चौकशी झाली आणि त्याला सेवेतून काढण्यात आले. त्या फायलीत एकही त्रुटी नव्हती. दीड वर्षाने तो गेल्याची बातमी आली. तेव्हा त्याचे वय अठ्ठावीस होते. बातमी आली त्या दिवशी मी ती फाइल पुन्हा काढून वाचली. सगळे कागद क्रमाने होते. त्याने पायऱ्यांवर विचारलेल्या प्रश्नाची नोंद मात्र त्यांत कोठेही नव्हती, कारण मी ती केली नव्हती.

मित्रहो, फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा असतो. दिवसाचे उरलेले साडेबावीस तास त्या खेळाडूला कोण सांभाळते, हा प्रश्न तेव्हापासून माझा पाठलाग करीत आहे. म्हणून मी थोडे वाचू लागलो, आणि माझ्या ध्यानात आले की, हा प्रश्न माझ्या त्या पोरापुरता नाही. या खेळाच्या देव्हाऱ्यातील मूर्तींनाही तो सुटलेला नाही.

ब्राझीलच्या गारिंशाचे उदाहरण घ्या. १९३३ साली पाउ ग्रांदे नावाच्या कापडगिरणीच्या वस्तीत तो जन्मला. त्याचे दोन्ही पाय एकाच दिशेला वाकलेले होते. लहानपणीच तो गिरणीत कामाला लागला. अशा पायांनी त्याने १९५८ आणि १९६२ असे दोन विश्वचषक ब्राझीलला मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. १९६२ साली पेले जखमी होऊन बाहेर बसला, तेव्हा संघाचा भार गारिंशाने वाहिला. पेले आणि गारिंशा दोघेही मैदानात असताना ब्राझील कधी हरले नाही. त्याचे वडील मद्यासक्त होते आणि तोही त्याच वाटेने गेला. १९६९ साली त्याच्या हातून झालेल्या मोटार अपघातात त्याच्या पत्नीच्या आईचा मृत्यू झाला. २० जानेवारी १९८३ रोजी तो दारूनेच गेला, अवघ्या ४९ व्या वर्षी. त्याची अंत्ययात्रा मराकाना मैदानावरून निघाली आणि रस्ते माणसांनी भरून गेले. ती माणसे खोटी रडत नव्हती. पण त्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांपैकी किती जण त्याच्या दारी गेले असतील, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

दुसरा बेलफास्टचा जॉर्ज बेस्ट. जहाजबांधणीच्या कारखान्यातील कामगाराचा हा मुलगा सतराव्या वर्षी मँचेस्टर युनायटेडकडून खेळला. १९६८ साली, बाविसाव्या वर्षी, त्याच्या संघाने युरोपीय चषक जिंकला आणि युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्याला मिळाला. १९७४ च्या आरंभी त्याने तो संघ सोडला, तेव्हा त्याचे वय होते सत्तावीस. त्यानंतरची तीस वर्षे दारूशी झगडण्यात गेली. २००२ साली त्याचे यकृत बदलण्यात आले, तरीही प्याला सुटला नाही. २५ नोव्हेंबर २००५ रोजी, ५९ व्या वर्षी तो गेला. या कथेतील एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्याची आई चाळिशीपर्यंत दारूला शिवलीही नव्हती. मुलगा जगप्रसिद्ध झाल्यानंतर ती पिऊ लागली आणि १९७८ साली, ५४ व्या वर्षी, त्या दारूनेच तिचा अंत झाला. व्यसन एकट्या माणसाला होत नाही. त्याचे बी कधी कुळातून येते, कधी परिस्थितीतून येते, आणि फळ सगळे घर चाखते.

आपण म्हणाल, ही झाली जुन्या काळची आणि दारूची गोष्ट. आता नव्या काळची ऐका. इंग्लंडचा डेले अली २०१८ च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व सामन्यात गोल करणारा बावीस वर्षांचा उमदा खेळाडू होता. २०२३ च्या जुलैमध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने एका मुलाखतीत उघडपणे सांगितले की, आपण झोपेच्या गोळ्यांच्या आहारी गेलो होतो आणि नुकतेच सहा आठवडे उपचार घेऊन आलो आहोत. सहा वर्षांचा असताना आपल्यावर अत्याचार झाला होता, हेही त्याने सांगितले. ते ओझे त्याने वीस वर्षे एकट्याने वाहिले. हजारो लोक त्याचे नाव घेऊन ओरडत होते, आणि रात्री त्याला झोप येत नव्हती.

हे असे का होते? मी जे वाचले आणि जाणकारांकडून ऐकले, त्याचा सारांश सांगतो. सामन्याच्या वेळी शरीरात जो आवेग उसळतो, तो पंचाच्या शेवटच्या शिट्टीने शांत होत नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. मग गोळी हवी होते किंवा घोट हवा होतो. दुखापतीवर वेदनाशामके येतात. प्रवासात परक्या खोल्या येतात. विशीच्या आत पैसा येतो, आणि त्याच्याबरोबर पैशाचे मित्र येतात. पस्तिशीत, बहुधा त्याआधीच, सारे संपते; आपली मुले ज्या वयात नोकरीत स्थिरावतात, त्या वयात हा निवृत्त होतो. व्यसनाचा गुणधर्म असा की, मेंदूला त्याची सवय जडते, आधीचे प्रमाण पुरेनासे होते, आणि न मिळाल्यास हातपाय कापतात, घाम फुटतो, कधी भासही होतात. ही अवस्था म्हणजे आजार आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेसह सारे वैद्यकशास्त्र आज मानते. आम्ही मात्र अजून तिला 'लक्षणे' म्हणतो, आणि 'त्याची लक्षणे ठीक नाहीत' या वाक्यातला अर्थ वैद्यकातला नसतो, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे.

येथे कोणी म्हणेल, गोऱ्यांच्या देशातील या गोष्टी आम्हां मराठी माणसांना कशाला? तेव्हा आता घरी येऊ.

आपल्याकडे खेळ म्हणजे क्रिकेट, म्हणून क्रिकेटचेच उदाहरण घेतो. १९८८ च्या फेब्रुवारीत, मुंबईत, हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम शाळेच्या दोन मुलांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. त्यांतील सचिन तेंडुलकरच्या ३२६ होत्या, आणि विनोद कांबळीच्या ३४९. दोघेही रमाकांत आचरेकर सरांचे शिष्य. कांजुरमार्गहून लोकलच्या गर्दीतून शिवाजी पार्क गाठणारा विनोद १९९३ साली कसोटी खेळला आणि पहिल्या सात कसोटींत त्याने चार शतके ठोकली. त्यांतील दोन द्विशतके, लागोपाठच्या कसोटींत. चौदा डावांत हजार धावा पूर्ण करण्याचा पराक्रम त्याचा. १७ कसोटी, १०८४ धावा, सरासरी ५४.२० ही त्याच्या कारकिर्दीची अखेरची बेरीज. शेवटची कसोटी १९९५ च्या नोव्हेंबरात झाली, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. १९९६ च्या मार्चमध्ये, कोलकात्याच्या विश्वचषक उपांत्य सामन्यात, प्रेक्षकांच्या गोंधळाने खेळ थांबला आणि तो रडत मैदानाबाहेर आला. ते दृश्य आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

त्याच्या व्यसनाविषयी आणि आजाराविषयी पुढे पुष्कळ छापून आले, आणि तो स्वतःही त्याविषयी बोलला आहे. २०२२ साली त्याने वृत्तपत्राला सांगितले की, क्रिकेट मंडळाचे तीस हजारांचे निवृत्तिवेतन एवढाच आपला आधार आहे; आपल्याला काम हवे आहे, त्यासाठी पिणे सोडण्याची तयारी आहे. २०२४ च्या डिसेंबरात शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या स्मारकाचे अनावरण झाले, तेव्हा हे दोन बालमित्र एका व्यासपीठावर दिसले, आणि विनोदची खंगलेली प्रकृती पाहून देश हळहळला. त्याच महिन्यात त्याला रुग्णालयात दाखल व्हावे लागले. व्यसनमुक्तीच्या उपचारांची तयारी दाखविल्यास मदत करू, असे कपिल देव आदी जुने खेळाडू म्हणाले, आणि आपली तयारी आहे, असे त्यानेही सांगितले.

आपल्याकडे अशा वेळी लगेच तुलना होते: एक कोठे पोहोचला आणि दुसरा कोठे राहिला. ही तुलना मला क्रूर वाटते. दोन रोपांना सारखेच पाणी घातले तरी मुळाखालची माती सारखी असतेच असे नाही. पाहण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. तो माणूस काम मागत होता. 'चार वाजल्यानंतर काय करू' हाच प्रश्न, पन्नाशीच्या वयात, तोही विचारीत होता.

या ठिकाणी मला गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'ची आठवण होते. १९१९ च्या जानेवारीत, येथून फार दूर नसलेल्या सावनेरला, गडकरी निवर्तले आणि त्यानंतर महिन्याभरातच हे नाटक रंगभूमीवर आले. आपण सारे ते सिंधूच्या दुःखासाठी पाहतो आणि डोळे पुसून घरी येतो. पण सुधाकराकडे पुन्हा एकदा पाहा. तो मूर्ख नाही, बुद्धिमान वकील आहे. पहिला प्याला तो अपमानाच्या भरात घेतो. पुढे एकदा तो दारू सोडण्याचा निश्चय करतो आणि काम मिळावे म्हणून ओळखीच्या प्रतिष्ठितांकडे जातो, तेव्हा ते त्याचा उपहास करतात, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. शंभर वर्षे आम्ही तळीरामाला दोष देत आलो. दार लावून घेणारी ती प्रतिष्ठित मंडळी मात्र आमच्या ध्यानातही राहिली नाहीत, कारण ती आमच्यासारखीच होती.

आता दार उघडल्यास काय घडते, तेही सांगतो. लंडनच्या आर्सेनल संघाचा कर्णधार टोनी ॲडम्स दारूच्या नशेत मोटार चालविल्याबद्दल १९९० च्या अखेरीस तुरुंगात गेला होता. बाहेर आला, पुन्हा खेळू लागला आणि पुन्हा पिऊ लागला. १९९६ च्या सप्टेंबरात त्याने आपल्या संघातील सहकाऱ्यांना एकत्र करून सांगितले की, मी मद्यपाशात सापडलेला माणूस आहे. नंतर त्याने ते जगासमोरही मान्य केले. संघाने त्याचे कर्णधारपद काढून घेतले नाही. १९९८ साली आणि पुन्हा २००२ साली त्याच्या नेतृत्वाखाली आर्सेनलने देशातील दोन्ही मोठी विजेतेपदे एकाच हंगामात पटकावली. २००० साली त्याने व्यसनात सापडलेल्या खेळाडूंसाठी एक उपचारसंस्था काढली. हा माणूस वाचला याचे श्रेय केवळ त्याच्या इच्छाशक्तीला देऊ नका. ती तुरुंगातून सुटला तेव्हाही होती. या वेळी तो मोठ्याने बोलला आणि ऐकणाऱ्यांनी पाठ फिरविली नाही, हा फरक होता.

आपल्या महाराष्ट्रात हेच तत्त्व डॉ. अनिता अवचट यांनी ओळखले. येरवड्याच्या मनोरुग्णालयातील त्यांचे काम, अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर केलेले लेखन, आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी दिलेले पाठबळ यांतून १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' उभे राहिले. तेथे येणाऱ्याला रोगी म्हणून वेगळे काढीत नाहीत, त्याला 'रुग्णमित्र' म्हणतात. तो सुमारे पाच आठवडे राहतो. सकाळचा व्यायाम, कामाची वाटणी, गटातील बोलणे, असा सगळा दिवस बांधलेला असतो. बरे झालेलेच पुष्कळदा समुपदेशक होतात. पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे, कारण घरही आजारी पडलेले असते. १९९७ साली अनिताताई गेल्या, २०२२ साली अनिल अवचट गेले. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते काम पुढे चालविले आहे. त्या पाच आठवड्यांतील प्रत्येक तासाला काही काम आणि कोणी सोबत असते. माझ्या त्या पोराने मागितले होते ते याहून वेगळे नव्हते.

आणि फुटबॉल? तो येथे शत्रू आहे असा आपला समज होऊ देऊ नका. आपला शेजार असलेल्या नागपुरात, जी एकेकाळी आपल्या मध्यप्रांताची राजधानी होती, हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना २००१ साली एका पावसाळी दिवशी वस्तीतील मुले फुटक्या बादलीला लाथा मारीत खेळताना दिसली. त्यांनी त्या मुलांना चेंडू दिला. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल सुरू झाले. या चळवळीत अखिलेश पॉल नावाचा एक मुलगा आला. लहानपणीच तो अंमली पदार्थ आणि गुन्हेगारी यांच्या जाळ्यात सापडलेला होता. तोच मुलगा २०१० साली रिओ द जानेरो येथील बेघरांच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार झाला, आणि पुढे दुसऱ्या मुलांना खेळ शिकवू लागला. म्हणजे पाहा, गारिंशाच्याच देशात आपल्या नागपूरच्या मुलाने भारताचे नेतृत्व केले. नागराज मंजुळे यांचा २०२२ चा 'झुंड' हा चित्रपट बारसे सरांच्याच कार्यावर बेतलेला आहे. चेंडू तोच असतो. त्याच्या मागे सायंकाळी घरी सोडणारा, सकाळी पुन्हा बोलावणारा आणि खेळ संपल्यावरही विचारपूस करणारा एक मास्तर उभा आहे की नाही, यावर पुढचे सारे अवलंबून राहते.

आता आपल्या गावाकडे वळून मी आटोपते घेतो. २०१९ साली केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करून घेतलेल्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. देशात सुमारे सोळा कोटी लोक मद्य घेतात आणि त्यांपैकी सुमारे पावणेसहा कोटींना मदतीची गरज आहे, असे त्यात नमूद आहे. मद्यसेवनाचे प्रमाण सर्वांत अधिक असलेल्या राज्यांत आपल्या छत्तीसगढचे नाव आहे. आणि मद्यावर अवलंबून असलेल्या दर अडतीस जणांपैकी केवळ एकालाच कसले तरी उपचार मिळतात. उरलेले सदतीस कोठे आहेत? ते सगळे झोपडपट्टीत आहेत, अशी समजूत करून घेऊन आपण पांढरपेशे निश्चिंत असतो. तात्यापाऱ्यापासून चौबे कॉलनीपर्यंत आपल्या मराठी घरांतही ते आहेत. फरक एवढाच की, आपल्याकडे त्याला 'पित्ताचा त्रास' म्हणतात आणि पाहुणे आले की आतल्या खोलीचे दार ओढून घेतात.

माझ्या हातून त्यानंतर एक गोष्ट बरी घडली, ती आत्मस्तुतीचा दोष पत्करून सांगतो. काही वर्षांनी दुसऱ्या एका कार्यालयात असाच एक तरुण खेळाडू माझ्याकडे आला. त्या वेळी मी ज्ञापनाआधी त्याच्या घरी गेलो. वैद्यकीय रजेचा अर्ज त्याच्याकडून भरून घेतला आणि उपचारांसाठी त्याच्याबरोबर स्वतः गेलो. तो सुधारला, पुन्हा घसरला, पुन्हा गेला. दुसऱ्या खेपेस वरिष्ठांना समजावणे मला फार जड गेले. घसरणे हा या आजाराचाच भाग आहे, हे त्या दिवशी मी प्रथम मोठ्याने बोललो. आज तो कामावर आहे आणि रविवारी सकाळी वस्तीतील मुलांना चेंडू अडवायला शिकवितो. ही फाइल मात्र आधीच्या फायलीइतकी निर्दोष नाही. तिच्यात दोन ठिकाणी मुदत उलटलेली आहे.

मंडळाला पन्नास वर्षे झाली. या सभागृहात नाट्यप्रयोग झाले, गणेशोत्सव झाले, हळदीकुंकू झाले, वधूवर मेळावे झाले. पुढील पन्नास वर्षांसाठी माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, आठवड्यातील एका संध्याकाळी या वास्तूतील एक खोली व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांच्या बैठकीसाठी विनामूल्य द्यावी, आणि तेथे कोण आले होते, हे कोणी कोणाला विचारू नये. दुसरी, आपल्या समाजातील जे खेळाडू खेळातून निवृत्त झाले आहेत, त्यांना सत्काराची शाल एकदा देऊन थांबू नये. त्यांच्याकडे मुलांचा वर्ग सोपवावा. तिसरी, सरकारच्या व्यसनमुक्ती मदतसेवेचा १४४४६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक सूचनाफलकावर कायमचा लावावा, मृत्यूच्या सूचना जेथे लावतो त्याच फलकावर, पण त्यांच्याआधी.

आणि आई-वडिलांना एक विनंती. मुलगा जिंकून आला की त्याला ओवाळा. ते आपल्या रक्तातच आहे. पण ज्या दिवशी तो संघाबाहेर झाला, त्या संध्याकाळी त्याच्याजवळ बसा. काही शिकवू नका, कोणाचे उदाहरण देऊ नका. नुसते बसा.

मैदानाच्या त्या पायऱ्यांवर मला जो प्रश्न विचारला गेला, त्याचे उत्तर त्या वेळी अगदी सोपे होते. खाली दहा-बारा पोरे चेंडूमागे धावत होती आणि त्यांना शिकविणारे कोणी नव्हते. "चल, खाली जाऊ," एवढेच मला म्हणायचे होते. ते मी म्हणालो नाही. आपल्यापैकी कोणावर तशी वेळ आली, तर आपण ते म्हणावे, एवढ्यासाठीच मी आपला इतका वेळ घेतला.



जय हिंद, जय महाराष्ट्र, जय छत्तीसगढ!